एका पहाऱ्यातील दोन मुले

उत्तर पेशवाईचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून विचारला जातो. सवाई माधवरावांनी शनिवारवाड्याच्या माडीवरून उडी टाकली, की ते पडले? प्रश्न विचारणाराचे उत्तर बहुधा अगोदरच ठरलेले असते. ज्याचे मन नाना फडणिसांविषयी कडू आहे त्याला ती उडी वाटते, आणि ज्याला नानांविषयी आदर आहे त्याला ते तापाच्या भरातले पडणे वाटते. ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात पहिला पक्ष उचलला; नंतरच्या आपल्याकडील कित्येक संशोधकांनी ज्वर, वात आणि भ्रम यांकडे बोट दाखवून दुसरा पक्ष मांडला. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी ही घटना घडली, दोन दिवसांनी, २७ तारखेस, पेशव्यांचा अंत झाला, आणि त्या वेळी त्यांचे वय साडेएकवीस वर्षांचे होते, एवढे मात्र दोन्ही पक्षांस मान्य आहे.

या वादाचा निकाल लावण्याचा आमचा आज विचार नाही. त्या एका दिवसाकडे पाहता पाहता अगोदरची एकवीस वर्षे दृष्टीआड होतात, ही आमची तक्रार आहे. हा मुलगा वाढला कसा? त्याचा मूळ पिंड कोणता होता? आणि मनात येईल ते निर्धास्तपणे ज्याच्यापाशी बोलावे, असे त्या भल्यामोठ्या वाड्यात त्याला कोण होते? राजकारणाच्या इतिहासाने हे प्रश्न बायकामुलांचे म्हणून बाजूला सारले. आम्हांला ते इतके बाजूचे वाटत नाहीत.

प्रथम थोडे मागे जाऊ. नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे तीन पुत्र इतिहासात गाजले. थोरले विश्वासराव पानिपतावर पडले. मधले माधवराव १७४५ चे, धाकटे नारायणराव १७५५ चे. आईबाप एक, वाडा एक. पण स्वभाव पाहावे तर जमीनअस्मानाचे अंतर. माधवराव तापट खरे, पण स्थिर, आणि चूक पदरात घेणारे. स्नानसंध्येत वेळ घालवून दरबारच्या कामाची हेळसांड केल्याबद्दल रामशास्त्र्यांनी कान उघडले, तेव्हा या तरुण पेशव्याने ती कानउघाडणी ऐकून घेतली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. नारायणराव उतावळे, तोंडाने तिखट, राग आला की माणूस दुखवून बसणारे. एकाच झाडाच्या दोन आंब्यांत एक गोड आणि एक आंबट निघावा, त्यातला हा प्रकार, असे म्हणून आपण मोकळे होतो.

परंतु ते घर तरी दोघांना एकच मिळाले होते काय? जून १७६१ मध्ये नानासाहेब वारले, तेव्हा माधवराव सोळा वर्षांचे होते. बापाचा कारभार, त्याचा दरारा आणि त्याचा भरभराटीचा काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. नारायणरावांना सहावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या वाट्याला आले ते पानिपतानंतरचे सुतकी घर. पुत्रशोकाने आणि वैधव्याने होरपळलेली आई, पुढे क्षयाने खंगत गेलेला भाऊ, आणि भाऊबंदकीची रोजची कुजबूज. एका छपराखाली दहा वर्षांच्या अंतराने जन्मलेली दोन भावंडे खरे पाहता दोन निरनिराळ्या घरांत वाढतात, ही गोष्ट आपण आपल्या घरातही विसरतो. थोरल्याच्या वेळी जे आईबाप होते, ते धाकट्याच्या वेळी तेच राहिलेले नसतात.

थोरल्या माधवरावांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे तिचा उपयोग आहे. सोळाव्या वर्षी हाती आलेले राज्य त्यांना चुका करीतच शिकावे लागले. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगाव येथे चुलत्याशी लढण्याची पाळी आली. घर फुटून शत्रूचे फावेल हे ओळखून ते आपण होऊन रघुनाथरावांच्या स्वाधीन झाले. अपमान गिळला, नजरकैद सोसली आणि वेळेची वाट पाहिली. पुढल्याच ऑगस्टात राक्षसभुवनावर निजामाच्या सैन्याचा पराभव झाला, तेव्हा त्यांचे वय अठराच होते. ते पडले, लागले, उठले. त्यांना पडू न देण्याइतके सामर्थ्य त्या वेळी कोणाच्याच हाती नव्हते, आणि हेच कदाचित त्यांचे भाग्य ठरले.

आता सवाई माधवरावांकडे येऊ. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा भर वाड्यात खून झाला, तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरच्या किल्ल्यावर नेऊन ठेवले, आणि तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी हे मूल जन्मास आले. चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावे पेशवाईची वस्त्रे आली! मान धरावयास शिकण्यापूर्वी बालकाच्या मस्तकावर एका साम्राज्याचा भार ठेवला गेला. त्यातच, हे मूल खरे नव्हेच, दुसऱ्या कोणाचे आणून ठेवले, असा बोभाटा विरुद्ध पक्षाने केला. म्हणजे बापाचा खून, जन्माचा संशय आणि राज्याचा भार, ही तिन्ही या मुलाला पाळण्यातच मिळाली.

जुलै १७७७ मध्ये आईही गेली. मूल तीन वर्षांचे होते. मायेची म्हणावी अशी एक बाई उरली. ती सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई. पानिपताहून न परतलेल्या पतीची वाट पाहत आयुष्य कंठणाऱ्या या बाईने त्या पोरक्या पोराला जवळ घेतले, याचे श्रेय इतिहासाने तिला फारसे दिलेले नाही. तीही १७८३ साली वारली. त्याच वर्षी या नऊ वर्षांच्या मुलाचे लग्न झाले होते. सख्खी आजी गोपिकाबाई हयात होत्या, पण त्या दूर नाशिककडे. पती आणि तीन पुत्र गमावलेल्या या आजीने नातवाला लेखी उपदेश पाठविला आहे. दिवस कसा घालवावा, कोणाशी कसे वागावे, पेशव्यास काय शोभते, हे सारे त्यात आहे. उपदेश शहाणपणाचा आहे, यात वाद नाही. पण वाचताना मनात येते की, मुलाला आजीची मांडी मिळावयास हवी होती, आणि त्याच्या हाती पडली कर्तव्यांची यादी.

यादी म्हटली की नाना फडणीस आठवणारच. या मुलाच्या लग्नात पंगती कशा मांडाव्या, वाढप कसे असावे, येथपर्यंतची तपशीलवार याद नानांच्या व्यवस्थेत तयार झाली होती. जे माणूस पंगतीच्या बाबतीत इतके जागरूक, ते राज्याच्या धन्याविषयी किती असेल! मुलाभोवती माणसे कोण असावीत, त्याला कोणी भेटावे, काय बोलणे झाले, याची खबर नानांना असे. मुलाच्या अन्नवस्त्राला, शिक्षणाला, मानमरातबाला कशातही उणे नव्हते. शनिवारवाड्यातील प्रसिद्ध हजारी कारंजे याच बालपेशव्याच्या करमणुकीसाठी बांधले, असे सांगतात.

येथे नानांना खलपुरुष ठरविणे सोपे आहे, आणि नाटककादंबऱ्यांतून ते होतेही. आम्ही तसे करणार नाही. नानांनी आपल्या बाळपणाविषयी आणि तरुणपणाविषयी स्वतःच्या हाताने थोडे लिहून ठेवले आहे. अठराव्या शतकातील एका मराठी मुत्सद्द्याने आपल्या मनाचे असे उघडे वर्णन करावे, हे नवलच. लहानपणी खेळातसुद्धा देवपूजेची आवड, चौदाव्या वर्षी पितृवियोग आणि लगेच फडणिशीची जबाबदारी, वयात येताना मनात उठलेल्या विकारांची कबुली, आणि मग पानिपत. आईला यात्रा घडावी म्हणून बरोबर नेले, आणि त्या गर्दीत आई कायमची गमावली. एकोणीस वर्षांचा तो सडपातळ, भित्र्या प्रकृतीचा तरुण लपतछपत, पायी चालत कसाबसा वाचला. ज्याने असे जग पाहिले, त्याला पुढे दर दाराला कडी हवीशी वाटली, तर त्यात दुष्टावा कोठला? नारायणरावांचा खून वाड्यात, पहाऱ्याच्या गारद्यांकडूनच झाला होता. त्याच नारायणरावांचे पोर सांभाळावयाचे होते. नानांची काळजी खरी होती. प्रश्न एवढाच की, ही काळजी ज्या मुलाच्या वाट्याला आली, त्या मुलाला ती मानवणारी होती काय?

कारण मुलांचेही पिंड जन्मतः वेगळे असतात. ही गोष्ट आपल्या आज्यांना पाळण्याच्या दोरीवरून कळत असे. शास्त्राने ती बऱ्याच उशिरा मोजून पाहिली. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोवैद्यक दांपत्याने १३३ मुलांना अगदी तान्हेपणापासून न्याहाळण्यास आरंभ केला आणि ती पुढे मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. त्यांना असे आढळले की, सुमारे शंभरातली चाळीस मुले सहज रुळणारी असतात. दहा हट्टी, वेळीअवेळी भडकणारी. पंधरा बुजरी, नव्या गोष्टीशी सावकाश जुळवून घेणारी. बाकीची कोणत्याच एका कप्प्यात बसत नाहीत. हे आकडे आम्हांला तितकेसे महत्त्वाचे वाटत नाहीत. महत्त्वाचे आहे ते त्यांचे अनुमान. मूल पुढे सुखी होईल की दुःखी, हे केवळ त्याच्या स्वभावावर ठरत नाही आणि केवळ घरावरही ठरत नाही. त्या स्वभावाचा त्या घराच्या रीतीशी मेळ बसतो की नाही, यावर पुष्कळसे अवलंबून असते. एका मुलाला जी शिस्त आधाराची काठी होते, तीच दुसऱ्याला बेडी होते.

सवाई माधवरावांचा पिंड जेवढा दिसतो तेवढा मृदू, मायाळू आणि लवकर भारावणारा दिसतो. पशुपक्ष्यांचा त्यांना नाद होता. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता आणि त्यात शिकविलेली हरणेही होती. जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९२ च्या सुमारास काढलेल्या चित्रात हा तरुण पेशवा अलंकारांनी मढून बसलेला आहे, आणि जवळ नाना आहेत. चित्र सुंदर आहे. पण आम्हांला ते पाहताना नेहमी वाटते की, या मुलाचे एखादे चित्र नानांवाचून कोणी काढले असते तर बरे झाले असते.

१७९२ च्या जूनमध्ये महादजी शिंदे पुण्यास आले. बारा वर्षे उत्तरेत घालविलेला हा रांगडा, मोकळा सरदार तरुण पेशव्याला एकाएकी आवडू लागला. शिकार, ससाणे, घोड्यावरचा फेरफटका, मनमुराद गप्पा! त्यात महादजींचे राजकारण होते, हे उघड आहे. पण अठरा वर्षांच्या मुलाला त्यातली मोकळी हवा जाणवली असेल, राजकारण नव्हे. नानांना धास्ती पडली. ग्रँट डफ सांगतो की, नानांनी आपल्या सेवेचा सगळा पाढा पेशव्यांपुढे वाचला आणि आता काशीस जाण्याची आज्ञा मागितली. पेशव्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आपण कधी अंतर देणार नाही, असे त्यांनी वचन दिले.

या प्रसंगावर आम्ही मुद्दाम थांबतो. काशीला जाण्याची भाषा कोणत्या मराठी घरात ऐकू येत नाही? मुलगा वयात येतो, बाहेरच्या कोणाकडे ओढला जातो, आणि वडील माणूस म्हणते, ‘आता आमची तुम्हांला गरज नाही, आम्ही आपले निघतो.’ हे बोलणे खोटे नसते, पण मुलाला त्याचे उत्तर देता येत नाही. हट्टी मुलगा खांदे उडवील आणि जाईल. मायाळू मुलगा रडेल आणि राहील, आणि आपल्या ओढीची त्याला लाज वाटू लागेल. रागावलेल्या शब्दाशी भांडता येते. उपकारांशी भांडता येत नाही.

महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत वारले. रामशास्त्री १७८९ सालीच गेले होते. हरिपंत फडके महादजींच्या मागोमाग त्याच वर्षी गेले. मुलाच्या अवतीभवतीची वडीलधारी माणसे अशी एकेक करून कमी होत होती, आणि त्याच्यावरची नजर मात्र एकाच माणसाच्या हाती एकवटत होती.

याच काळात या पहाऱ्यातला दुसरा मुलगा पुण्याच्या जवळ आला. रघुनाथराव आणि आनंदीबाई यांचे पुत्र बाजीराव जानेवारी १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात जन्मले. नात्याने ते सवाई माधवरावांचे काका, वयाने नऊ महिन्यांनी धाकटे. त्यांचेही बाळपण बंदोबस्तात गेले. प्रथम कोपरगाव, मग आनंदवल्ली, आणि १७९४ साली आईच्या मृत्यूनंतर भावांसह शिवनेरी. बाप १७८३ च्या डिसेंबरात गेलेला. घरात वैभव नाही, अधिकार नाही. आपल्यावर अन्याय झाला, हा एकच विषय. एकाला सर्व मानमरातब देऊन पहाऱ्यात ठेवलेले, दुसऱ्याला काही न देता पहाऱ्यात ठेवलेले, आणि दोन्ही किल्ल्या नानांच्या कमरेला.

पण पिंड वेगळे. बाजीराव गोड बोलणारे, समोरच्याला काय ऐकावयास आवडेल हे चटकन ओळखणारे, आतले बाहेर न दाखविणारे. पहाऱ्याने त्यांना मोडले नाही. पहारेकऱ्याला फितविण्याची विद्या शिकविली. बळवंतराव नागनाथ नावाच्या पहाऱ्यावरच्या गृहस्थाला वश करून त्यांनी पेशव्यांकडे निरोप आणि पत्रे धाडण्यास सुरुवात केली. तुम्ही पुण्यात आणि आम्ही येथे, दोघेही कैदीच. पण मने एक असू द्यावी, असा त्या लिहिण्याचा आशय होता. आईबाप नसलेल्या, भावंड नसलेल्या तरुणाला बरोबरीच्या वयाच्या सोयऱ्याकडून आलेले ते शब्द कसे वाटले असतील, हे सांगावयास इतिहाससंशोधक नको. त्यांत कपट किती होते, ही गोष्ट निराळी. तहानेला मनुष्य पाणी गाळून पीत नाही.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याची लढाई झाली. पेशवे जातीने हजर होते. विजय मोठा, लढाई थोडी. ग्रँट डफने एक आठवण दिली आहे. विजयाच्या आनंदात पेशव्यांचा चेहरा उतरलेला पाहून नानांनी कारण विचारले. तेव्हा पेशवे म्हणाले की, शत्रूने इतक्या सहज मान वाकविली आणि आमची माणसे कष्टावाचून मिळालेल्या जयाची फुशारकी मारीत आहेत, हे दोन्ही पाहून वाईट वाटते. ही आठवण वाचली की, सवाई माधवराव दुबळ्या बुद्धीचे होते हे म्हणणे टिकत नाही. मुलगा पाहत होता, तोलत होता. पण राक्षसभुवनावर अठराव्या वर्षी थोरल्या माधवरावांना जे करता आले, ते खर्ड्यावर विसाव्या वर्षी यांच्या वाट्याला आले नाही. ते अंबारीतले धनी होते.

पुढे पत्रव्यवहार उघडकीस आला. नाना संतापले. बळवंतराव बेडीत पडला, शिवनेरीवरचा बंदोबस्त वाढला, आणि पेशव्यांनाही नानांनी खडसावले. एकवीस वर्षांचा राज्याचा धनी एका पत्रासाठी शाळकरी पोरासारखा उभा केला गेला. बाजीरावांनी अशा वेळी दोन गोड शब्द बोलून वेळ मारून नेली असती. थोरल्या माधवरावांनी डोळ्यास डोळा भिडविला असता. नारायणरावांनी शिव्या दिल्या असत्या. या मुलाने यांतले काहीच केले नाही. ग्रँट डफच्या सांगण्याप्रमाणे, त्यांनी काही दिवस खोलीबाहेर पडण्याचे टाकले आणि ते उदास राहू लागले. २२ ऑक्टोबरास दसरा होता. पेशवे सैन्यात फिरले, संध्याकाळी सरदारांना भेटले. तिसऱ्या दिवशी ते माडीवरून खाली आले. कारंज्याच्या नळीनेच जखम झाली, असेही ग्रँट डफ नमूद करतो.

ताप होता काय? असेलही. आम्ही ते नाकारीत नाही, कारण ताप आणि उदासपणा यांचे हाडवैर नाही. दोन्ही एकाच देहात नांदू शकतात. आपले दुखणे कोणापाशी बोलावे, असे माणूस जवळ नसलेल्या तरुणाचा ताप घरच्यांना लवकर कळत नाही, एवढेच आम्ही म्हणतो.

नानांनी सर्व जन्मभर ज्या एका भयाविरुद्ध कड्या घातल्या, ते भयच त्यांच्यापुढे उभे राहिले. रघुनाथरावांचा वंश गादीवर येऊ नये म्हणून त्यांनी मृत पेशव्यांच्या पत्नीच्या, यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देण्याचा घाट घातला. तो साधला नाही. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवे झाले. पहाऱ्यात शिकलेली विद्या त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. एकाला दुसऱ्यावर घालावे, वचन द्यावे आणि मोडावे, संकट आले की पाय काढावा. १८०२ चा वसईचा तह, १८१८ ची शरणागती, आणि मग ब्रह्मावर्तास पेन्शनवर तीस वर्षांहून अधिक काळ. पोरवयात ज्याला प्रत्येक दार बाहेरून बंद दिसले, तो मोठेपणी प्रत्येक घराचे मागचे दार आधी पाहून ठेवतो. म्हणून त्यांचे दोष माफ करावेत, असे आमचे म्हणणे नाही. ते कोठे रुजले, हे मात्र दिसते. त्यांचेच पाठचे भावंड चिमाजीअप्पा त्याच बंदोबस्तात वाढून तसे निघाले नाहीत, हेही विसरता कामा नये. पहारा एक असला तरी प्रत्येक मूल त्यातून आपल्या प्रकृतीप्रमाणे काहीतरी वेगळेच उचलते.

नाना स्वतः १७९७ च्या अखेरीस कैद झाले आणि काही महिने अहमदनगरच्या किल्ल्यात राहिले. सुटल्यावर कारभार पुन्हा हाती आला, पण १३ मार्च १८०० रोजी ते वारले. तरुणपणी लिहावयास घेतलेले त्यांचे ते आत्मवृत्त पानिपताहून परतल्यानंतरच्या थोड्या हकीकतीपाशी थांबते. बापाविषयी, आईविषयी, स्वतःच्या मनाविषयी ज्याने इतके मोकळेपणाने लिहिले, त्याने पुरंदरावर जन्मलेल्या त्या मुलाविषयी त्यात एक ओळही लिहिलेली नाही.